चिमट्यातला खडा

आमचा दादा कोणाशी धड बोलल्याचं मला आठवत नाही. आम्ही एकाच संशोधन संस्थेत. मी हिशेब बघतो, तो प्रथिनं बघतो. दोन प्रथिनं एकमेकांना कशी धरतात ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोन्हींवर एकेक चुंबकी खूण चिकटवायची, खुणांमधलं अंतर यंत्रावर मोजायचं आणि त्यावरून जोडीची आकृती उभी करायची, हे त्याचं काम. खुणा कुठे लावायच्या हे तो कोणालाही न विचारता ठरवी.

यंदा त्याच्या आकृतीत जोडी एकमेकांपासून फटकून उभी राहिली. आकृती मान्य झाली की विभागप्रमुखपद त्याचंच, असं तो धरून चालला होता. एका दुपारी त्याच्याच विभागातल्या बाई आमच्या जेवणाच्या टेबलापाशी आल्या.

"अहो, तुमची खूण नेमकी पकडीच्या जागी बसलीय. चिमट्यात खडा ठेवायचा आणि वर म्हणायचं, चिमटा मिटत नाही!"

"तुम्ही तुमचं बघा," दादा गुरगुरला.

"बघितलं की. खूण बाजूला लावून मोजलं. दोन्ही घट्ट चिकटलीयत. साहेबांनाही दाखवलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, खडा तूच रे!"

पद बाईंना मिळालं. दादाने त्यांच्याशी आणि माझ्याशी अबोला धरला. आता घरी वहिनी विचारते, "भाऊजी, हे विचारतायत, किल्ली कुठाय?" आणि तो तिच्या शेजारीच उभा असतो.