बाबा समोर, आई बाजूला

नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, पण भिलाईच्या रेल्वे पोलीस चौकीतली ती दुपार आजही जशीच्या तशी आठवते.

एका प्रवाशाने फोनवर खबर दिली. एक जोडपं दहा-अकरा वर्षांच्या मुलीला ओढत नेत आहे, ओढणीने तिचं मनगट बांधलंय आणि ती किंचाळतेय. शिपायांनी तिघांना चौकीत आणलं. मुलीच्या कानांवर जाडजूड हेडफोन. नाव विचारलं तर बोलेना, ‘हे तुझे कोण’ म्हटलं तर भिंतीकडे पाही. पुरुषाने सांगितलं की तो स्टील प्लांटात कामाला, क्वार्टर सेक्टर दहाला, मुलगी स्वमग्न, गोंगाट सोसत नाही. पहिल्यांदाच गाडीने नागपूरला आजीकडे निघालो, रुळांकडे धावू नये म्हणून ओढणी बांधली. मुलीच्या आधारकार्डावरचा फोटो तान्ह्या बाळाचा. सेक्टर दहाला शिपाई पाठवला, तर शेजाऱ्यांकडे कुलूप.

नवराबायकोला वेगवेगळं बसवून प्रवासाचा बेत विचारला. दोघांनी घडाघडा तेच सांगितलं: खिडकीत ती, बाजूला आई, समोर बाबा, राजनांदगाव गेलं की पाणी, डोंगरगडला पोळीभाजी. शब्द न् शब्द सारखा. माझा संशय बळावला. अहो, खरी नवराबायको भाजीतल्या मिठावरही एकमताने बोलत नाहीत. ही उत्तरं पाठ केलेली होती.

ओळख पटेपर्यंत मुलीला बालगृहात ठेवायचं, हा नियम. महिला शिपायाला तशी तयारी करायला सांगितली आणि आईचा धीर सुटला. “साहेब, तिले नका नेऊ. आमच्याबिना ते जेवत नाही, झोपत नाही.”

ही उत्तरं कोणी पढवली, म्हणून मी बापाला दरडावलं.

“आमीच पाठ केली, साहेब. महिनाभर घरी खुर्च्या मांडून गाडी-गाडी खेळून राहिलो. तिले सगळं आधी ठाऊक लागते. आज ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलला अन् बिघडलं.”

मी खिडकीजवळ समोरासमोर खुर्च्या मांडायला लावल्या. आईबापाला ताकीद दिली, एक शब्द बोलायचा नाही, खूण करायची नाही.

मुलगी बराच वेळ खुर्च्यांकडे बघत राहिली. मग खिडकीच्या खुर्चीवर जाऊन बसली. आईचा पदर ओढून तिला शेजारी बसवलं. समोर बोट दाखवून पहिल्यांदाच बोलली, “बाबा.” बाप डोळे पुसत समोर बसला. मग तिने आईच्या पर्समधून तिकिटं काढली आणि माझ्यापुढे धरली.

“तपासून ‘बरोबर आहे’ म्हणा, साहेब,” आता बापाला राहवलं नाही. “त्याबिगर गाडी हलत नाही.”

मी तिकिटं नीट पाहिली. म्हणालो, “बरोबर आहे.” मुलगी खुदकन हसली आणि खुर्चीत डुलू लागली. शिपाई टाळ्या वाजवणार, तोच आईने हात वर केला. मग सगळे आवाज न करता हसले. मला तर मनात मावेना इतका आनंद झाला.

त्यांची गाडी केव्हाच गेली होती. मी स्वतः स्टेशनमास्तरांशी बोलून पुढच्या गाडीत जागा मिळवून दिली. पाठ केलेलं उत्तर म्हणजे खोटं, हे मी प्रत्येक नव्या शिपायाला शिकवत आलो होतो. त्या दिवसापासून पुढे एवढं जोडू लागलो की माणूस मायेपोटीही पाठ करतो, म्हणून कशासाठी पाठ केलं तेही विचारा.

गाडी सुटायच्या वेळी मी फलाटावर उभा होतो. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही, पण खिडकीतून तिकिटं तेवढी बाहेर धरली. मी वाकून तपासली आणि मोठ्याने म्हणालो, “बरोबर आहे.”

आणि गाडी हलली.