बदकाचा मुद्देमाल

पोलिसात उभा जन्म गेला, पण जे प्रकरण अजून डोक्यातून जात नाही ते निवृत्तीनंतरचं, जपानमधलं. त्यात आरोपी मीच होतो.

टोकियोजवळ उरायासुला मुलीकडे राहत होतो. तळमजल्यावरच्या आजोबांकडे शिकारीचा परवाना होता. पडलेला पक्षी दात न रुतवता उचलून आणायचं शिक्षण ते आपल्या काळ्या लॅब्रॅडोर कुत्रीला देत. हंगामात स्वतः मारलेली बदकं फ्रीझरमध्ये ठेवत, सरावाला एकेक काढत. मला ते आदराने 'इन्स्पेक्टर-सान' म्हणत आणि मी फुगत असे.

एका सकाळी समुद्राकाठी मेलेलं बदक दिसलं. ताजं, अखंड. शेजारधर्म म्हणून पिशवीत घालून आणलं. कुत्री अंगणात होती; आजोबांची वाट न पाहता फेकलंसुद्धा! तिने ते अदबीने माझ्या हातात आणून दिलं.

आजोबा बाहेर आले आणि पांढरेफटक पडले. त्यांचे दोन जपानी शब्द ऐकून, मागोमाग खाली आलेली मुलगी म्हणाली, "बाबा, हे कुठून आणलंत?"

"बाजारातून," मी ठोकून दिलं.

"पिसांसकट? बाबा, ते म्हणतायत, सापडलेला पक्षी सरावाला वापरायचाच नाही. कुठला, कशाने मेला, हे माहीत हवं. बर्ड फ्लू असेल तर कुत्री हातची जाईल. खरं सांगा."

आजोबा ओरडले नाहीत. पण खाली बसून ते कुत्रीचं तोंड पुन्हा पुन्हा पुसत होते. ते पाहून मी कबुलीजबाब दिला.

मग घटनास्थळ दाखवलं. आजोबा आणि मुलगी पंचांसारखे मागे. महापालिकेचा माणूस हातमोजे घालून आला, मुद्देमाल तपासणीला घेऊन गेला. कुत्री वेगळ्या खोलीत कोंडली. ती नुसती शिंकली तरी वरच्या मजल्यावर मला घाम फुटे. कोठडीबाहेरचे नातेवाईक आतल्या आवाजाकडे कान लावून का बसतात ते तेव्हा कळलं.

अखेर अहवाल आला: विषाणू नाही, बदकाच्या घशात मासे पकडायचा गळ अडकलेला.

"खोटं का बोललास?" असं मी नोकरीभर टेबल आपटून विचारलं. उत्तर निवृत्तीनंतर मिळालं. पहिलं खोटं माणूस घाबरून बोलतो. दुसरं सुचायच्या आत त्याला कुणीतरी 'बाबा' म्हणायला हवं.

आजोबांनी माफ केलं. कुत्रीने नाही. अजून मी दिसलो की ती आधी माझी पिशवी हुंगते, मग दोन्ही हात, आणि झडती पुरी झाल्यावरच शेपूट हलवते.