‘येते’ म्हणून गेलेली मुलगी

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं परत कॅनडाला गेलात, तेव्हा दादाचं ते हातात धरून खेळायचं यंत्र आमच्या दिवाणाखाली राहिलं. फोनवर विचारलं तर दादा म्हणाला, “ठेव गं आजी, माझ्याकडे नवीन आलंय. तूच खेळ.” मी ते पुसलं, चार्जरची वायर गुंडाळली आणि दोन्ही कपाटात ठेवलं.

आजोबांचं डायलिसिस तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. एक दिवसाआड आम्ही घोडबंदर रोडवरून माजिवड्याच्या सेंटरला जायचो. तिथे हाताला सुया लावून त्यांना चार तास खुर्चीत बसवत. बाकीचे लोक मोबाइल बघत असत. आजोबांची नजर मधुमेहाने आधीच गेली होती, त्यांना तेही नव्हतं. पहिल्याच महिन्यात ते म्हणू लागले, “पुरे आता. रक्त धुवायचं, परत मळवायचं, परत धुवायचं. लाँड्री आहे का ही?” थांबवलं तर काय होईल हे डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं. तरी ते पुरे म्हणत होते, म्हणून मला भीती वाटायची.

एके दिवशी मी ते यंत्र पिशवीत टाकलं. खेळ जपानी, पण त्यातली माणसं इंग्रजीत बोलत, आणि ते बोलणं पडद्यावर लिहून येई. खेळ कसला, लांबलचक गोष्टच ती. एका राज्यातले दिवे विझत चालले आहेत, आणि चार जण ते पुन्हा लावण्यासाठी शेवटच्या किल्ल्याकडे निघाले आहेत. त्यांतली एक मुलगी जखमा बऱ्या करते. मी बटणं दाबायची आणि वाचता वाचता मराठी करून सांगायची. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, त्याचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

मी माझ्या पद्धतीने खेळत होते. प्रत्येक गावात प्रत्येक घरी जायचं, सगळ्यांशी बोलायचं, एकही पेटी न उघडता पुढे जायचं नाही. मिळालेली औषधं मात्र मी वापरत नसे.

“अगं, वापर की ती,” आजोबा म्हणत. “साठवून लोणचं घालणार आहेस का?”

“शेवटी लागतील.”

“शेवटी शेवटी करत माणसं मरतात.”

शेजारच्या खुर्चीत कल्याणचे एक तरुण गृहस्थ असत. ते म्हणाले, “काकू, जरा मोठ्याने वाचा ना. इकडे पण पब्लिक आहे.” त्यांना लढाया आवडत. आजोबांचं सगळं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात गेलेलं. खेळात धरणाचा दरवाजा अडकला, की ते सांगत, “ग्रीस घातलं नसेल कुणी.”

मग ती मुलगी गेली. बंदरावर बाकीचे झोपलेले असताना ती एकट्या नायकाला म्हणते, की मी आता चालले. मी ओघात वाचलं, “येते हं मी.” तिचं पुढचं वाक्य होतं, माझी वाट पाहू नका. पण तेवढ्यात आजोबांचं मशीन ओरडायला लागलं, सिस्टर धावत आली, आणि ते वाक्य राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी घरी चहा पिताना त्यांनी विचारलं, “ती कधी यायची?”

त्यानंतर ते रोजच विचारू लागले. सकाळी उठायला तयार नसले, की मी म्हणायची, “अहो, आज येईल कदाचित ती.” “येते म्हणालीय ना? चल मग,” म्हणून ते बुटांसाठी पाय पुढे करत. तेवढ्या एका शब्दावर आमचे दिवस चालले होते.

दादा, मी तुला फोन केला होता तो यासाठी. तू म्हणालास, “आजी, ती नाही येत. मरते ती, त्या बेटावर.” त्यानंतर खेळ पुढे न्यायचंच सोडून मी त्या तिघांना दलदलीत फिरवत बसले. कल्याणच्या गृहस्थांच्या लक्षात आलं. “काकू, ही झाडं आपण बघितलेली. गोल गोल फिरतोय आपण.”

परतीच्या वाटेवर गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती. तेव्हा आजोबांनी विचारलं, “इंग्रजीत नेमकं काय म्हणाली ती?”

“जाते म्हणाली. वाट पाहू नका, असंही.”

त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

“मग तू ‘येते’ का म्हणालीस?”

“जाते कसं म्हणणार? तोंडातून निघतच नाही.”

ते हसले. खूप दिवसांनी हसले. “भाषांतर चुकलं. पण वळण चांगलं हो तुझं.” मग म्हणाले, “आता फिरवू नकोस. ने त्यांना किल्ल्यावर.”

मी नेलं. दारात पडद्यावर प्रश्न आला, इथून पुढे गेल्यावर परत येता येणार नाही, जायचं का? खाली हो आणि नाही. “दाबा हो, काकू!” कल्याणचे गृहस्थ म्हणाले. मी आजोबांकडे पाहिलं.

“आज नको,” ते म्हणाले.

मी ‘नाही’ दाबलं.

पुढच्या खेपेला खाली गाडी येऊन उभी होती आणि मी बूट पुढे ठेवले होते. ते पलंगावर बसून म्हणाले, “आज नको.” आवाज तोच. मी त्यांच्या शेजारी बसले. समजूत घालायला माझ्याकडे ती मुलगी उरली नव्हती. थोड्या वेळाने खाली फोन करून मी गाडी परत पाठवली. मग तुमची आई आली, आणि पुढचं तुम्ही फोनवर पाहिलंत. ते घरीच गेले, दुपारी, झोपेत. ‘येतो’ म्हणाले नाहीत.

नंतर फाइल आणायला मी एकदा सेंटरमध्ये गेले. आजोबांच्या खुर्चीत दुसरं कुणी होतं. कल्याणच्या गृहस्थांना सिस्टरने सांगितलं असावं. त्यांनी एवढंच विचारलं, “किल्ल्यात काय झालं मग?”

“मी गेलेच नाही आत.”

“एकट्या नका जाऊ. इकडे घेऊन या. मी आहे ना, मंगळवार, गुरुवार, शनिवार.”

मी पिशवी उचलली. “बरं, जाते,” म्हटलं.

“अहो काकू!” ते हाताच्या सुया विसरून सरळ बसले. “जाते काय? येते म्हणा.”

“येते,” मी म्हटलं.

अजून गेलेली नाही. दादा, तुझं यंत्र मी चार्ज करून ठेवते. उघडलं की तोच दरवाजा आणि तोच प्रश्न येतो. दर मंगळवारी ते पिशवीत घालते आणि संध्याकाळी परत कपाटात ठेवते.