डावीकडे अर्धं पाऊल कमी

मला माणसाचा चेहरा नंतर दिसतो, गुडघे आधी. एस.टी.तून उतरणारा असो, जिना चढणारा असो की लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसणारा, माझी नजर आपोआप खाली जाते आणि कुठल्या पायावर भार कमी पडतोय ते शोधत बसते. बायको म्हणते, "लोकांना वाटेल ह्यांचं काहीतरी खाली पडलंय." मी कॉलेजात असताना कबड्डीतला बरा चढाईपटू होतो. बरा कशाला, चांगलाच होतो. विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि पंधरा दिवसांत माझा डावा गुडघा गेला. तसा तो एका दिवसात गेला नव्हता. चार महिने दुखत होता, आणि विचारेल त्याला मी "न्हाई, कुठं काय" म्हणत होतो. आमच्याकडे दुखणं सांगणारा गडी बाहेर बाकावर बसतो आणि बाकावर बसलेल्याला लोक विसरतात. म्हणून कोणी सांगत नाही. मीही सांगितलं नाही, आणि कोणी माझ्या पायाकडे नीट बघितलंही नाही. त्याचा राग माझ्या मनात इतकी वर्षं टिकून आहे.

आता मी मलकापूरजवळच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो. माझ्याबरोबर खेळलेला एक मित्र व्यावसायिक कबड्डीच्या एका संघाचा साहाय्यक प्रशिक्षक झाला. नव्या हंगामाची निवड जवळ आली की दर थंडीत त्याचा फोन यायचा. "गड्या, सातारा-सांगलीतली कॉलेजची पोरं बघून ठेव. चढाईवाली." मग मी आंतरमहाविद्यालयीन सामने बघत फिरायचो. प्रत्येक खेळाडूचं एक पान लिहून पाठवायचं. माझं पान बरं असेल तर त्याला चाचणीला बोलावणं, चाचणीत निभावला तर निवडीच्या यादीत नाव. नसेल तर तो आपला गावात आणि आम्ही आमच्या कॉलेजात.

चढाईपटू बघायचा म्हणजे गुण मोजायचे असं लोकांना वाटतं. गुण तर कागदावर येतातच, त्याला माझी काय गरज? मी बघायचो ते वेगळं. रिकामी चढाई करून परत येताना तो पाठ फिरवतो की नजर शेवटपर्यंत समोर ठेवतो. तिसऱ्या चढाईला, गडी टिपल्याशिवाय परतायची सोयच नसते तेव्हा, त्याचा श्वास वर जातो का. एकदा पकड झाली की पुढच्या वेळी त्याच गड्यावर जातो की त्याला टाळतो. मातीवर चपळ वाटणारे कितीतरी मॅटवर बूट घातले की अवघडतात, तेही बघायचं. आणि सगळ्यात शेवटी, "शंका" असा एक रकाना होता. इतर लोक तो मोकळा सोडत. मी तोच मन लावून भरायचो. मित्र म्हणायचा, "तुझा शेवटचा रकाना आमी डोळं झाकून मानतो." मला ते ऐकायला फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी पलूसला सामने होते. तिथे मी त्याला पहिल्यांदा बघितलं. शेवटच्या वर्षाला होता, पलूसपासून जवळच्याच एका गावचा. उंचीने मध्यम, खांदे रुंद, आणि मध्यरेषा ओलांडताना अंगात जराही घाई नाही. पहिल्याच चढाईत त्याने बोनस रेषा ओलांडून एक गुण घेतला, उजवीकडच्या गड्याला पाठीमागच्या लाथेने टिपलं आणि दोघांच्या मधून असा निघून आला की पकडणाऱ्यांचे हात एकमेकांनाच लागले. मी वहीत काही लिहिलंच नाही, नुसता बघत राहिलो. इतक्या वर्षांत असा खेळाडू मी दोनदा किंवा तीनदा बघितला असेल.

दुसऱ्या सामन्यात मला ते दिसलं. त्याच्या डावीकडच्या कोपऱ्यातल्या गड्यावर जाताना शेवटचं पाऊल अर्धंच पडत होतं. डावा पाय पुढे टाकायचा, त्यावर रेटा द्यायचा, गडी टिपायचा आणि त्याच पायाच्या जोरावर माघारी फिरायचं, एवढी साधी गोष्ट. तो पाय टाकत होता, पण भार देत नव्हता. पाऊल टेकलं न टेकलं तोच ओढून घ्यायचा. हात वीतभर कमी पडायचा. उजवीकडे हाच मनुष्य जमिनीला चिकटून गडी टिपत होता.

ते पाऊल माझ्या ओळखीचं होतं. चार महिने मी स्वतः तसंच टाकत होतो.

तरी एका मैदानावर बघून मत करायचं नाही हा माझा नियम. पुढच्या आठवड्यात रहिमतपूरला त्यांचा सामना होता. सकाळी कॉलेजात रजा टाकून तिथे गेलो. तिथेही तेच. अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलल्या, तरी तेच. अकरा वेळा तो डावीकडे गेला आणि अकरा वेळा अर्धं पाऊल कमी टाकून आला. संघ जिंकला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी त्याला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं.

"डाव्या गुडघ्याला काय लागलंय?"

"न्हाई सर. कुठं काय?"

अगदी माझेच शब्द. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"कधी पडला होतास का?"

"कबड्डीत कोण पडत न्हाई सर? पर दुखत न्हाई कवाच."

"डावीकडे पाय का टाकत नाहीस?"

तो गोंधळला. "टाकतो की," म्हणाला. मग जरा विचार करून, "जमत न्हाई त्या अंगाला. पयल्यापास्नं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला आठवतंय, मी मोठ्या मायेने बोललो. म्हणालो, मीही असंच लपवलं होतं. मला कुणी सांगितलं नाही, मी तुला सांगतोय. गुडघा आतून सैल झालाय. आज दुखत नसेल, उद्या मॅटवर एका झटक्यात जाईल आणि मग जन्मभर जिना चढताना आठवण येईल. डॉक्टरला दाखव, वर्षभर जप. तो मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता.

"सर, नव्या पोरांच्या यादीला माझं ह्येच वरीस हाय. पुढल्या साली वय बसत न्हाई," तो म्हणाला.

मला ते माहीत होतं. त्याच्या जन्मतारखेचा कागद माझ्याकडेच होता. रात्री घरी जाऊन लिहू म्हटलं, तर मन बदलेल, म्हणून रहिमतपूरच्या स्टँडवर चहाच्या टपरीत बसून लगेच लिहून टाकलं. वेग, दम, नजर, सगळीकडे सर्वात वरचा शेरा. शंकेच्या रकान्यात लिहिलं, "डावा गुडघा. दुखापत लपवतो आहे. घेऊ नये."

मित्राचा फोन आला. "एवढं भारी पोरगं आणि घिऊ नगं म्हणतोस? एकदा चाचणीला तरी बोलवू या की रं."

"चाचणीत गुडघा गेला तर पाप कुणाच्या माथी?" मी म्हणालो.

मग त्याने आग्रह सोडला. त्या पोराला चाचणीचं बोलावणं गेलं नाही. त्या वर्षी आमच्या भागातून जे दोघं घेतले गेले ते त्याच्या पासंगालाही पुरले नसते. तरी मला चुकल्यासारखं वाटलं नाही. एका माणसाचा पाय वाचवला असंच मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता.

गेल्या हिवाळ्यात त्या पोराच्याच गावच्या शाळेतून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलींचा संघ तालुक्यात पहिला आला होता. जिल्ह्याच्या सामन्याआधी कुणी जाणत्याने एकदा बघावं अशी त्यांची इच्छा होती. रविवारी सकाळी गेलो. शाळेचं अंगण लहान. एकीकडे वर्गांची भिंत, दुसरीकडे रस्ता. पूर्ण मैदान बसतच नाही, म्हणून फक्कीने अर्धंच आखलेलं. पकड करणाऱ्या मुली भिंतीकडे उभ्या राहणार आणि चढाई करणारी रस्त्याच्या बाजूने येणार. बाजू बदलायच्या नाहीत, कारण दुसरी बाजूच नाही.

पहिली मुलगी चढाईला गेली. चपळ होती. उजवीकडे झकास गेली. डावीकडे गेली आणि शेवटचं पाऊल अर्धं टाकून माघारी आली.

मी सरळ होऊन बसलो. दुसरी गेली, तीच गत. तिसरीही तशीच. चौथी सगळ्यात लहान होती, दोन वेण्यांची. ती तर डावीकडे पाय टेकवायच्या आतच उचलून घेत होती. चार मुली, आठ गुडघे, आणि सगळ्या डावीकडे अर्ध्या पावलाने कमी.

मी उठून मैदानात गेलो. त्यांच्यासारखाच मध्यरेषेवरून निघालो, डावीकडच्या कोपऱ्यात गेलो आणि पाय पुढे टाकला. नडगी दगडावर आपटली. झेंड्याच्या खांबाचा चौथरा होता तो. घडीव काळ्या दगडाचा, फुटभर उंच, आणि त्याचा कोपरा रेषेच्या चांगला आत आलेला. चुन्याने रंगवलेला असल्यामुळे फक्कीच्या रेषेत लांबून तो कळतही नव्हता.

"सर, लागलं का?" बाई धावत आल्या. "नवीन माणसाला लागतंच. आमच्या मुलांना सवय आहे. गावातले सगळे खेळाडू ह्याच अंगणात तयार झालेत."

मी त्या पोराबद्दल विचारलं. "तोही इथलाच," बाई म्हणाल्या. "पहिलीपासून इथंच खेळायचा. आता खेळत नाही. द्राक्षबागेत असेल."

मी नडगी चोळत बाजूला झालो. मुली माझ्याकडे बघून हसू दाबत होत्या. मी त्याचे सामने दोन गावांत जाऊन बघितले होते, अकरा पावलं मोजली होती, पण त्याच्या गावात, जिथे तो खेळायला शिकला तिथे, एकदाही आलो नव्हतो. माझ्या घरापासून हे तासाभराचंही अंतर नव्हतं. तो दोनदा "दुखत नाही" म्हणाला होता आणि मी ते खोटं धरलं, कारण त्याच शब्दांत मी खोटं बोललो होतो. मला इतकी लाज वाटली की बाईंनी आणलेला चहा तसाच ठेवून मी बाग विचारत निघालो.

द्राक्षाच्या मांडवाखाली तो प्लास्टिकच्या क्रेटवर बसून कात्रीने घड विरळ करत होता. अंगाने सुटला होता. डावा पाय समोर लांब सोडलेला, गुडघ्यावर पट्टा. मला बघून एका हाताने खांब धरत उठला.

"सर, तुमी? हिकडं कसं काय?"

"पायाला काय झालं?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं.

"तुमी सांगितलं हुतं न्हवं? तवापास्नं दुखतंय. आदी कळत नव्हतं. तुमी सांगितल्यावर कळाय लागलं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"मिरजेत दोगांना दाखवलं. मशिनीत बी घातलं. काय न्हाई म्हणत्यात." तो हसला. "पर तुमच्या डोळ्याला दिसतंय ते मशिनीला कुठनं दिसायचं?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. चौथरा, चार मुली, माझी नडगी. पँट वर करून सालटं गेलेलं दाखवलं. म्हणालो, तुझा गुडघा चांगला होता, आजही चांगला आहे, मी चुकलो. माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा कात्रीला चिकटलेलं पान काढलं.

"ऱ्हाऊ द्या सर," तो म्हणाला. "माझं मन राखाय एवढं लांब आलाय. मला समजतंय."

"मन राखायला नाही रे. बस खाली. बघतो मी."

तो बसला. मी मातीत टेकलो, पट्टा काढला आणि त्याचा गुडघा हातात घेतला. वाटी जागेवर होती. पाय वाकवला, सरळ केला, आतून बाहेरून दाबून बघितला. कुठेही सैल नव्हता. सूज नव्हती. माझ्या हाताला इतका शाबूत गुडघा फार दिवसांत लागला नव्हता. पण मी बोट ठेवीन तिथे त्याचं तोंड वेडंवाकडं होत होतं. खरंच दुखत होतं त्याला. तिसऱ्यांदा दाबल्यावर त्याने माझा हात धरला आणि हळूच बाजूला केला.

"बघा," तो म्हणाला, "तुमची नजर चुकत न्हाई सर."

मग त्याने पट्टा पुन्हा घट्ट आवळला आणि कात्री उचलून पुढचा घड हातात घेतला.