बाबांची झील

डास पळवायच्या तेलाचा तो गवती चहासारखा वास आला, की सार्सची साथ सरल्यावरची सिंगापूरच्या बागेतली एक संध्याकाळ आठवते. आई गेल्यावर बाबांना आम्ही तिथल्या बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं होतं. गावच्या जलशात जन्मभर झील धरलेले, म्हणजे मुख्य गायकाची ओळ मागून उचलणारे बाबा, आल्यापासून गप्पच होते. त्या दिवशी हिरवळीवर अमेरिकेहून आलेला एक म्हातारा कृष्णवर्णीय गायक ब्लूज गात होता. एक ओळ म्हणायचा, थांबायचा, मग त्याची गिटारच त्याला उत्तर द्यायची. "कोणाचं गाणं हे?" बाबांनी विचारलं. म्हटलं, गुलामांचं, कापसाच्या शेतात राबताना एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, तिथून आलंय. "मग बाकीचे कुठं गेले?" पुढची ओळ संपली तसा बाबांनी कानावर हात ठेवला आणि खणखणीत "जी रं जी जी" दिलं. "आजोबा, डोन्ट लाह!" माझी शाळकरी लेक लाजून तिथल्या इंग्रजीत कुजबुजली, नका ना असं. गायकानं वळून पाहिलं, हसला, आणि पुढच्या ओळीनंतर गिटारवरचा हात उचलून बाबांची वाट पाहत थांबला. आता बाबा नाहीत. घरी मी ब्लूज लावतो, गायकाची ओळ संपते, आणि आतल्या खोलीतून लेक झील देते.