आढावकाकांना मी ओळख दिली नाही

दीड महिन्यापूर्वी, एका बुधवारी सकाळी, कचेरीत नुकताच खुर्चीवर बसलो होतो तेव्हा सखूबाईचा फोन आला. सखूबाई वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यावर राहते, शेळ्या राखते. तिच्याकडे माझा नंबर आहे हेच मी विसरून गेलो होतो. "साहेब, आडावकाका गेलं," ती म्हणाली. "काल सांच्याला. पुन्याच्या दवाखान्यात." तिला वाटलं, मला नाव कळलं नाही. "आवं, आपलं काका... यष्टीवालं..." आणि ती रडायला लागली. समोर दोन माणसं दाखल्यासाठी उभी होती. मी फोन ठेवला आणि त्यांचे कागद बघू लागलो. बराच वेळ मी एकाच ओळीवर होतो.

योहान आढाव हे भोरमध्ये बहुतेकांना एसटीचे ड्रायव्हर म्हणून माहीत होते. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. बायको इथे दवाखान्यात नर्स होती, ती वारल्यावरही ते गावी गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याला त्यांच्या चर्चच्या मंडळीतर्फे होणारं एक शिक्षण घेतलं. माणसाचं ऐकून कसं घ्यायचं, त्याला स्वतःला बदलायला मदत कशी करायची, असं काहीतरी. त्याचं त्यांना एक प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यावर 'लाइफ कोच' असं छापलेलं होतं. ते स्वतःच त्याला हसायचे. "भोरात कोच म्हटलं की लोक इचारतात, कबड्डीचा का खो-खोचा?"

माझी त्यांची गाठ त्याच्याही आधी पडली, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. तेव्हा माझी बायको सुनंदा आमच्या मुलीला घेऊन विंझरला माहेरी निघून गेली होती. मी दर रविवारी वेल्ह्याच्या गाडीने तिला आणायला जायचो आणि संध्याकाळी एकटाच परत यायचो. लोकांना मी सांगायचो की सासऱ्यांची तब्येत बरी नाही. तिसऱ्या की चौथ्या रविवारी भोर स्टँडवर सगळे उतरून गेले तरी मी खिडकीशी बसूनच होतो. आढावकाका केबिनमधून उतरून मागे आले आणि पुढच्या बाकावर माझ्याकडे तोंड करून बसले.

"भाऊसाहेब, घरची मंडळी येत न्हाईत का?"

"सासरे आजारी आहेत."

"त्यांना तर म्या सकाळी विंझरच्या फाट्यावर बघितलं. खांद्यावर खताचं पोतं होतं." मग ते थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुमी मारलं का तिला?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईने नाही, सासऱ्यांनीसुद्धा नाही. सगळे 'काय कुरबुर झाली' असंच म्हणत होते. मी म्हणालो, हो. एकदा. काका तसेच माझ्याकडे बघत बसून राहिले. बाहेर कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन ऑफिसकडे निघाला होता. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "तीन-चारदा." आणि थोड्या वेळाने, "शेवटच्या वेळी पोरगी बघत होती."

"बरं," काका म्हणाले. "आता खरं बोलायला सुरवात झाली."

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. निवृत्तीनंतर त्यांनी एका शिंपीकामाच्या दुकानाशेजारी एक खोली भाड्याने घेतली. तीन-चार खुर्च्या, पाण्याचा माठ, भिंतीवर लाकडाचा साधा क्रूस. दर गुरुवारी पाच वाजता आम्ही जमायचो, कधी चौघे, कधी सहा जण. पैसे ते घेत नसत. उपदेशही फारसा करत नसत. प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणं इतकं लांबायचं की माणूस शेवटी खोटं सोडून द्यायचा. उठताना मात्र ते प्रत्येकाला विचारायचे, "माझ्या प्रभूजवळ तुमचं नाव घेतलं तर चालंल का?" कुणी नको म्हटलं तर मान डोलवायचे. मी पहिले दोन महिने नको म्हणालो. पुढे हो म्हणू लागलो, आणि तरीही घरच्या देवाची पूजा रोज करतच होतो. त्यांनी त्याबद्दल एकदाही विषय काढला नाही.

सखूबाई मला तिथेच भेटली. तिचा कर्ता मुलगा विजेचा धक्का लागून गेला होता, आणि त्यानंतर ती जेवेना, कुणाशी बोलेना. काकांनी तिला एवढंच सांगितलं होतं की दर गुरुवारी गाडीने खाली यायचं, बोलायचं नसेल तर बोलू नकोस. "कुनीतरी आपली वाट बगतंय, येवड्यापायी म्या उतरायची," असं ती मला पुढे एकदा म्हणाली. वर्षभर ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर नुसती बसायची. मग एके दिवशी तिने माठातलं पाणी सगळ्यांना दिलं, आणि त्यानंतर हळूहळू बोलू लागली.

मला त्यांनी एक वही करायला लावली. राग आला की तो कुठून निघाला ते लिहायचं, आणि आधीच्या भांडणांचंही आठवून लिहायचं. आधी मला वाटायचं, तो सुनंदाच्या बोलण्यातून निघतो. वहीत मात्र दुसरंच दिसू लागलं. वरिष्ठ सगळ्यांसमोर काहीतरी बोललेले असायचे, मी तिथे 'हो साहेब' म्हणून गप्प राहिलेलो असायचो, आणि घरी भाजीत मीठ कमी असायचं. काका म्हणाले, "घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी धरून चालत न्हाई, भाऊसाहेब. उतार लागायच्या आधी गिअर खाली आणावा लागतो. तुमी दारात येईपर्यंत टॉपमधेच असता." मग मी कचेरीतून सुटल्यावर नदीवरून चालत घरी जाऊ लागलो. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण माझं घर त्यावर उभं राहिलं.

सुनंदा आठ महिन्यांनी आली. सगळं लगेच गोड झालं असं नाही. मी पंख्याचं बटण दाबायला हात वर केला तरी ती डोळे मिटून घ्यायची. मला ते सहन व्हायचं नाही. इतकं बदलूनही हिला दिसत नाही, असा उलट रागच यायचा. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमी बदललात हे तुमाला कळलं. तिच्या अंगाला कळायला वेळ लागंल. आणि तो किती, ते तुमी न्हाई ठरवायचं."

तुम्हाला हे सगळं कसं कळतं, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "म्या पण मारायचो. पोराला. पट्ट्यानं." त्यांचा एकुलता एक मुलगा, विनय, अठराव्या वर्षी घर सोडून गेला होता आणि नाशिकला राहत होता. आईच्या मयतीला आला तेवढाच. काकांनी तीनदा जाऊन त्याची माफी मागितली होती. तिन्ही वेळा त्याने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि पुन्हा लावलं. "त्याचा हक्क हाय तो," काका म्हणाले, आणि त्या दिवशी आम्ही लवकर उठलो.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर टाळत आलो.

दोन वर्षांपूर्वी गावात कुजबुज सुरू झाली की आढाव लोकांना बाटवतो. कुणी सुरू केली, माहीत नाही. एका दुपारी खोलीचे मालक आणि त्यांच्याबरोबर दोघे-तिघे माझ्या कचेरीत आले. मालक तसे भले गृहस्थ होते, त्यांना भांडण नको होतं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही तिथं जाता असं ऐकलं. तुम्ही सांगाल ते आम्ही मानू. तिथं धर्म बदलायला सांगतात का?" आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. नाही, तिथे मी बायकोवर हात न उगारायला शिकलो. पण ते सांगायचं तर आधी हात उगारल्याचं सांगावं लागलं असतं, आणि बढतीची यादी त्याच महिन्यात लागायची होती... मी म्हणालो, "मी त्यांना ओळखत नाही. एसटीत एक-दोनदा बोलणं झालं असेल."

"मग मिटलंच," मालक म्हणाले.

पुढच्या आठवड्यात खोलीला कुलूप लागलं. मी घरी सांगितलं की काका हल्ली पुण्यालाच असतात.

काका कुठेही गेले नव्हते. ते दर गुरुवारी स्टँडच्या मागे पिंपळाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसू लागले. आधी येणारे बहुतेक जण पांगले. सखूबाई मात्र यायची, त्यांच्या शेजारी डोक्यावरचा पदर सारखा करत सगळ्यांदेखत बसायची. मी रस्ता बदलला. चार-पाच महिन्यांनी भाजीबाजारात ते अगदी समोर आले. पाठीत वाकले होते, हातातल्या पिशवीत मेथीची एकच जुडी. त्यांनी सुनंदाची, मुलीची चौकशी केली. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी कचेरीत..."

"मला कळलं ते," ते म्हणाले. "काही न्हाई त्यात, असं म्या म्हणणार न्हाई. मला लई वाईट वाटलं." मग माझ्या दंडाला हात लावून, "पण तुमी या. म्या बाकावर असतो."

येतो म्हणालो आणि गेलो नाही. खोलीत दार लोटून घेता यायचं. बाक उघड्यावर होता. दीड वर्ष मी दर गुरुवारी मनाशी म्हणत राहिलो, पुढच्या गुरुवारी जाऊ.

दफन पुण्याला झालं. सखूबाई मला दफनभूमीच्या फाटकाशी भेटली. ती पहाटे वाड्यावरून चालत उतरून पहिल्या गाडीने आली होती. मंडळीच्या पाळकांनी प्रार्थना केली, आम्ही एकेक मूठ माती टाकली. थोडा दूर एक चाळिशीचा माणूस हात मागे बांधून उभा होता. आढावकाकांचेच खांदे. सगळं संपल्यावर तो माझ्याजवळ आला.

"तुम्ही यांना कसे ओळखता?"

मी त्याला सांगितलं. सगळंच सांगितलं... एसटीतला तो रविवार, वही, सुनंदा. पुण्यात, एका अनोळखी माणसाला सांगणं सोपं होतं. तो लक्ष देऊन ऐकत होता, आणि ऐकण्याची ती तऱ्हासुद्धा बापाचीच होती. माझं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "चांगला माणूस होता म्हणजे. मला नाही भेटला तो." रागाने नाही, एखादी चुकामूक झाल्यासारखं म्हणाला. मग घड्याळ बघून निघून गेला. मी त्याचा नंबरही घेतला नाही.

घरी आल्यावर मी सुनंदाला कचेरीतली ती दुपार सांगितली. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"मला काका मागच्या दिवाळीत भेटले होते," ती म्हणाली. "मी विचारलं, तुम्ही तर इथंच दिसता, मग हे हल्ली येत नाहीत का तुमच्याकडे? तर म्हणाले, भाऊसाहेबांचं आता त्यांना जमतंय ताई, त्यांना माझी गरज न्हाई. मला किती बरं वाटलं होतं." ती पुन्हा निवडू लागली. "तुमच्यासाठी त्यांना असं सांगावं लागलं."

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. गेल्या आठवड्यात तिने आपणहून विचारलं, "आज गुरुवार ना?" आणि चपला घातल्या.

बाकावर सखूबाई होती. आम्हाला बघून सरकली आणि म्हणाली, "बसा." आम्ही बसलो. विंझरची गाडी लागली, वेल्ह्याची लागली. पिंपळाखाली पाखरांनी घाण केली होती. ती काका दर वेळी बसण्याआधी पाण्याने धुऊन काढायचे, असं सखूबाईने सांगितलं. आज पाण्याची बाटली तिने भरून आणली होती. एवढ्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी समोरून आला. त्या दुपारी मान वर करून बघणाऱ्यांत तो होता.

"काय हो, इकडं कुठं? वहिनीपण?"

सुनंदा समोर गाड्यांकडे बघत होती.

"आढावकाका इथं बसायचे," मी म्हणालो. "मी त्यांच्याकडे जायचो. खूप वर्षं."

"असं होय," तो म्हणाला. "ते वारले ना मध्ये?" आणि त्याची गाडी हलायला लागली म्हणून तो पिशवी सावरत तिकडे पळाला.

एवढंच झालं. दुसरं काहीही झालं नाही.