उशिरा सोडलेला पास

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मुलाखतींत तर भलतंच सांगत आले — मेहनत, घरच्यांचा पाठिंबा, नशीब. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी फुटबॉल खेळायचे. क्लबकडून पगार मिळायचा, बूट मिळायचे, राहायला खोली. माझी जागा मैदानाच्या मधली — मिडफिल्डर. आमचं काम पुढच्यांना चेंडू पुरवायचं. गोल झाला की सगळ्या पोरी गोल करणारीच्या अंगावर झेपावतात, आणि पास देणारी मागून चालत येते. मला त्याचं काही वाटायचं नाही, असं मी नेहमी सांगते. वाटायचं. फार वाटायचं.

सारिका माझ्याच गावची, सोनईची. शाळेपासून आम्ही एकत्र खेळलो. ती पुढे, मी मधे. तिची एक सवय होती — ती चेंडूकडे बघायचीच नाही. मी मान वर केली की ती सुटायची, चेंडू येणारच या भरवशावर. आणि तो यायचाही. आम्हाला हाक मारावी लागायची नाही.

एका क्लबची निवड चाचणी नगरला होती. आदल्या दिवशी आमचे सर मला म्हणाले, सारिकाचं नक्की आहे, तुझं बघू. सहज म्हणाले असतील. मी मात्र ते घरी येईपर्यंत चघळत राहिले. सारिकाच्या घरचं मला ठाऊक होतं. निवड झाली तर खेळ, नाही तर पाहुणे बघायला येणार — असं तिच्या वडिलांनी, नानांनी, आधीच बजावलं होतं. हे मला ठाऊक होतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता कसं सांगू —

फुटबॉलमध्ये ऑफसाईड असतो. पास सुटतो त्या क्षणी पुढची खेळाडू समोरच्या बचावफळीच्या पलीकडे गेलेली असली, की कडेचा पंच झेंडा वर करतो. चूक तिची धरतात. पास देणारीला कुणी काही म्हणत नाही. त्या दिवशी मी मान वर केली, सारिका सुटली — आणि मी चेंडू पायाशी अडवून धरला. अगदी थोडासा. मग सोडला. देखणा पास, नेमका तिच्या पुढ्यात. झेंडा वर.

पहिल्यांदा ते चुकून झालं, असं म्हणावंसं वाटतं. चुकून नव्हतं. मी पुन्हा केलं. पुन्हा केलं. सर कडेने ओरडत होते, थांब जरा, किती घाई. बिचारी थांबायला लागली, तर मी वेळेवर सोडायला लागले. आता ती मागे राहायची. बघणाऱ्याला वाटावं, या मुलीला खेळ कळतच नाही. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण मी फार सफाईने खेळत होते. तितकी चांगली मी पुढे क्वचितच खेळले.

माझी निवड झाली, तिची नाही. परतताना एसटीत ती म्हणाली, "माझंच चुकलं गं. लई घाई हुती मला. तुझे चांगले पास वाया घालवले." मी काय केलं? तिची समजूत घातली.

निदान तिथे तरी थांबायचं. दोन दिवसांनी नाना आमच्या घरी आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"तू कायम तिच्यासंगं खेळती. खरं सांग पोरी, अजून एक वर्स थांबू का?"

त्यांना थांबायचं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. आणि माझी तर निवड झालेली, मला आता कसली भीती? पण पुढच्या वर्षी ती आली असती, आणि दोघींत चांगली कोण ते सगळ्यांना दिसलं असतं.

"न्हाई नाना," मी म्हणाले, "तिला जमायचं न्हाई."

त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पुणतांब्याला दिली. मी खेळत राहिले, नाव झालं, पेपरात फोटो आले.

गेल्या वर्षी गुडघ्याने दगा दिला आणि माझं खेळणं संपलं. तेव्हा सारिकाचा फोन आला. ती हल्ली संध्याकाळी पुणतांब्यात शाळेच्या मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवते. तिची लेकही त्यात आहे. मला पाहुणी म्हणून बोलावलं, शाल-नारळ दिला. मुली खेळत होत्या. तिची लेक अगदी आईसारखी सुटली — आणि मधेच पाय रोवून थांबली. इकडे तिकडे बघितलं, मग पळाली. तोवर चेंडू निघून गेला होता. सारिका म्हणाली, शाबास.

मग तिने मुलींना गोळा करून माझी ओळख करून दिली. "या ताईचे पास लई भारी असायचे. मीच येडी, आधीच पळायचे. म्हणून सांगती, आधी थांबायचं." ती हसली. मुलीही हसल्या.

माइक माझ्या हातात आला. सारिका समोरच उभी होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "तुमच्या मॅडम सांगतात ते बरोबर आहे. थांबायला शिका."